टीटी वेगळी, मोटोजीपी वेगळी

संध्याकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर बाइक लावून उभ्या असलेल्या पोट्ट्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ हमखास दिसतो. दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं, घरांच्या भिंती, विजेचे खांब, आणि मधून डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून जाणारी गाडी. खाली लिहिलेलं असतं 'मोटोजीपी'. पण ती असते आयल ऑफ मॅन बेटावरची टीटी, म्हणजे टूरिस्ट ट्रॉफी; मोटोजीपी ही सर्किटवरच्या मोटरसायकल शर्यतींची जागतिक मालिका. या गल्लतीत दोन्ही शर्यतींवर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा खुलासा.

दोघींत टीटी थोरली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये ताशी २० मैलांपेक्षा जोरात गाडी चालवायला मनाई होती आणि शर्यतीसाठी रस्ते बंद करता येत नसत. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रातल्या या बेटाची संसद मात्र स्वतःची. तिने कायदा करून रस्ते बंद ठेवायची मुभा दिली आणि १९०७ साली पहिली टीटी झाली. एक सिलिंडरच्या गाड्यांत मॅचलेसवर चार्ली कॉलियर जिंकला, दोन सिलिंडरच्या गाड्यांत नॉर्टनवर रेम फाउलर. १९११ पासून शर्यत स्नेफेल डोंगरावरून जाणाऱ्या रस्त्यावर आली. एक लॅप (पूर्ण चक्कर) ६०.७ किलोमीटरची, वळणं दोनशेच्या वर. आपल्याकडे नागपूर ते काटोल साधारण एवढंच अंतर भरतं. पीटर हिकमनने २०२३ मध्ये ही लॅप १७ मिनिटांच्या आत मारली, सरासरी ताशी २१९ किलोमीटरने!

मोटोजीपीचं मूळ १९४९ मधलं. त्या वर्षी एफआयएम या जागतिक संघटनेने रोड रेसिंगचं विश्वविजेतेपद सुरू केलं, आणि त्यातली पहिलीच फेरी होती टीटी. म्हणजे तेव्हा दोघी एकाच घरात नांदत होत्या. ५०० सीसीच्या त्या शर्यतीत एजेएसवरचा लेस्ली ग्रॅहम सगळ्यांच्या पुढे होता, पण शेवटी शेवटी मॅग्नेटोने (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राने) दगा दिला आणि त्याला गाडी ढकलत शेवटच्या रेषेपर्यंत यावं लागलं. वर्षाअखेरीस ५०० सीसीचा पहिला विश्वविजेता मात्र तोच ठरला. टीटीचं वजन त्या काळी एवढं होतं, की सोइचिरो होंडांनी १९५४ मध्येच तिथे उतरायची घोषणा केली. १९५९ मध्ये होंडाचे रायडर बेटावर पोचले आणि १९६१ मध्ये माइक हेलवूडने होंडावर १२५ आणि २५० सीसी या दोन्ही शर्यती मारल्या.

मग हे घर फुटलं कशामुळे? ९ जून १९७२. डोंगरावर पाऊस आणि धुकं. १२५ सीसीच्या शर्यतीत आघाडीवर असलेला इटलीचा जिल्बेर्तो पार्लोत्ती घसरला आणि गेला. त्याचा मित्र जाकोमो अगोस्तिनी त्याच दिवशी ५०० सीसीच्या शर्यतीत उतरला, जिंकलाही, पण त्यानंतर टीटीत पुन्हा कधी धावला नाही. दहा टीटी जिंकलेल्या माणसाने पाठ फिरवल्यावर इतर मोठे रायडरही मागे हटले. विश्वविजेतेपदासाठी गुण हवे असतील तर या रस्त्यावर जीव पणाला लावा, ही सक्ती त्यांना मान्य नव्हती. माझ्या मते त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. १९७६ नंतर टीटी विश्वविजेतेपदातून बाहेर पडली आणि १९७७ पासून ब्रिटनची फेरी सिल्व्हरस्टोनच्या सर्किटवर होऊ लागली.

आज फरक सुरुवातीलाच दिसतो. मोटोजीपीत सगळे रायडर रांगांत उभे राहतात, दिवे विझले की एकदम सुटतात आणि पहिल्याच वळणावर एकमेकांना भिडतात. टीटीत एकेकाला सोडतात. रेषेवरचा अधिकारी रायडरच्या खांद्यावर हात ठेवून उभा असतो. वेळ झाली की थाप देतो, गाडी सुटते, आणि दहा सेकंदांनी पुढच्याच्या खांद्यावर थाप. इथे खरी लढत घड्याळाशी. मोटोजीपीत घसरलेल्या रायडरला थांबवायला खडीचे मोकळे पट्टे असतात. टीटीत समोर भिंत असते. डोंगरावरच्या या मार्गाने आजवर २५० हून अधिक रायडरांचा बळी घेतला आहे.

तरीही तो रस्ता कायद्याने बंद केलेला असतो, जागोजागी मार्शल आणि वैद्यकीय हेलिकॉप्टर सज्ज असतं. आउटर रिंग रोडवर रात्री गाड्या पळवणाऱ्या भावांनो, तुमच्या समोरून ट्रक येत असतो.

गाड्याही वेगळ्या. मोटोजीपीची गाडी केवळ शर्यतीसाठी बनते, शोरूममध्ये मिळत नाही. टीटीच्या मोठ्या वर्गांत शोरूमच्याच लिटर बाइक (१००० सीसीच्या आसपासच्या) तयारी करून उतरवतात. मोटोजीपीत वर्षभराच्या गुणांवर विजेता ठरतो. २०२३ मध्ये त्यातली एक फेरी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवरही झाली. उकाड्यामुळे २४ ऐवजी २१ लॅप ठेवल्या आणि मार्को बेझेक्की जिंकला. टीटी मात्र मे-जूनमधल्या पंधरवड्यात उरकते आणि जो तो तिथल्या विजयासाठीच जातो.

एका नावाने मात्र अजूनही घोळ होतो: नेदरलँड्समधल्या आसेनची 'डच टीटी'. नाव टीटी असलं तरी ती मोटोजीपीचीच फेरी आहे. आधी तीही गावांमधल्या रस्त्यांवर व्हायची, १९५५ मध्ये तिच्यासाठी वेगळं सर्किट बांधलं. १९४९ च्या यादीतल्या ठिकाणांपैकी आजही मोटोजीपीच्या वेळापत्रकात असलेलं ते एकमेव.