सीपॅपचा मास्क आवळू नका: नव्या ग्राहकांसाठी

सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, घरी नेलं की दोन-चार दिवसांत फोन येतो: "हवा डोळ्यांत जाते, झोप लागत नाही, मशीन परत घ्या." तपासलं तर मशीन ठणठणीत असतं. नाकाच्या हाडावर मात्र लाल वळ उठलेला दिसतो.

हवा गळतेय म्हटल्यावर हात पट्ट्यांकडे जातो आणि तिथेच घोळ होतो. मास्कची सिलिकॉनची कड पातळ असते. ती मशीनच्या हवेने फुगून चेहऱ्याला बसते. पट्टा आवळला की कड चुरगळते, गळती वाढते, मग माणूस आणखी आवळतो. त्याऐवजी आडवे व्हा, मशीन सुरू करा, पट्टे सैल सोडा. मास्क किंचित पुढे ओढून अलगद टेकवा, मग दोन्ही पट्टे सारखेच थोडे थोडे ओढा. गळती थांबली की हात काढा. बसून, आरशासमोर लावलेला मास्क झोपल्यावर सरकतो, कारण आडवं झालं की गालांची ठेवण बदलते. रात्री तोंडाला तेल किंवा क्रीमही नको.

म्हणूनच आम्ही मास्क नुसता पिशवीत घालून देत नाही. दुकानात कॉट आहे. तिच्यावर झोपवून, दोन-तीन मापं लावून बघूनच देतो. ऑनलाइन थोडा स्वस्त पडतो, खरं आहे. पण वापरलेला मास्क आम्ही परत घेत नाही, कारण तो दुसऱ्याच्या नाकाला लावणं बरं नव्हे. अक्कलकोट-बार्शीकडच्यांनी फोन करून यावं, तेवढा वेळ राखून ठेवतो.

सवय दिवसाच लावून घ्या. संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसा. रॅम्प ही मशीनमधली सोय चालू ठेवली की हवेचा दाब कमीवरून, बऱ्याच मशीनवर 4 सेंमी पाणी (दाबाचं माप) इथून, हळूहळू वाढतो. डॉक्टरांनी ठरवलेला दाब मात्र आम्ही चिठ्ठीशिवाय बदलत नाही, कितीही आग्रह केलात तरी. मध्यरात्री मास्क निघाला तर जाग येताच पुन्हा लावा. पहाटेच्या झोपेत अनेकांचा श्वास जास्त अडकतो, त्यामुळे "चार तास झाले, पुरे" म्हणू नका.

ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या मशीनच्या पाण्याच्या भांड्यात, बोअरचं पाणी नको, क्षारांचा पांढरा थर धरतो. डिस्टिल्ड पाणीच घाला, सकाळी उरलेलं ओतून द्या. कूलरचा झोत नळीवर आला तर आत पाणी साचून गुडगुड वाजतं. तेव्हा नळी चादरीखालून घ्या. पण तीच चादर तोंडावर ओढू नका. मास्कवरच्या बारीक छिद्रांतून तुमचा उच्छ्वास बाहेर जातो, ती झाकली जाता कामा नयेत.

तरीही जमत नसेल तर मास्क आणि मशीनमधलं कार्ड दोन्ही घेऊन या. गळती किती होते ते कार्डावरून कळतं. आमच्या ग्राहकांना ते बघून द्यायचे पैसे पडत नाहीत.