फ्रिज आणि मीठ, दोघांनाही पुरून उरलेला जंतू

आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात एक ठरलेलं वाक्य आहे, "फ्रिजमधे ठेवलंय ना, मग काय होतंय त्याला". चार दिवसांचं पनीर, स्टीलच्या डब्यात पाण्यात बुडवलेलं, आई झाकण काढून वास घेते आणि सरळ भाजीत टाकते. फळीवरच्या दादरा बांधलेल्या लोणच्याच्या बरणीवर तर त्याहून जास्त भरवसा, का तर मीठ आहे. मी मायक्रोबायोलॉजी शिकल्यापासून या दोन्ही भरवशांवरून आमचे वाद होतात, आणि त्या वादाच्या मुळाशी एकच जंतू असतो, लिस्टेरिया.

हा पहिल्यांदा नीट सापडला तो 1926 साली केंब्रिजमधे. मरे, वेब आणि स्वान यांच्या लॅबमधले ससे आणि गिनीपिग पटापट मरत होते आणि त्यांच्या रक्तात मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या, म्हणून नाव पडलं मोनोसायटोजेनेस. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत पिरी यांना हाच जंतू जर्बिल नावाच्या रानटी उंदरासारख्या प्राण्यात मिळाला. लिस्टेरिया हे नाव 1940 मधलं, तेही पिरींचंच, जोसेफ लिस्टर यांच्यावरून. जंतू मारायला शिकवणाऱ्या माणसाचं नाव जंतूलाच, आता बोला!

पण मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते 1948 चं प्रकरण. अमेरिकेत ग्रे आणि सहकारी आजारी गाईगुरांच्या मेंदूतून हा जंतू वाढवायला बघत होते, पहिल्या फेरीत बऱ्याच सॅम्पलमधून काहीच येईना, मग तेच सॅम्पल 4 डिग्रीला फ्रिजमधे पडून राहिलेले काही आठवड्यांनी परत लावले तर जंतू हजर! म्हणजे बाकीचे जंतू गारठून गप्प बसले होते आणि हा आत हळूहळू वाढत होता. पुढे कितीतरी वर्षं लिस्टेरिया शोधायची पद्धतच ती झाली, सॅम्पल फ्रिजमधे ठेवा आणि वाट बघा. आई ज्याला राखणदार समजते तो लॅबमधे याचा पाळणा होता.

तरीही तो खाण्यातून येतो हे पक्कं व्हायला 1981 उजाडलं. कॅनडात 41 जण आजारी पडले, त्यात बहुतेक गरोदर बायका आणि नवजात बाळं, आणि माग लागला कोबीच्या सॅलडपर्यंत. शेताला मेंढ्यांचं खत घातलेलं आणि कोबी हिवाळाभर कोल्ड स्टोरेजमधे. परत तोच गारठा.

आता तो हे करतो कसं? गार झालं की पेशीचं आवरण थिजतं, डिसेंबरात साजूक तूप थिजतं ना तसंच, म्हणून हा आवरणातली फॅटी ॲसिडच, म्हणजे चरबीचे घटकच, बदलतो, फांद्या असलेली आखूड जास्त भरतो, ती सहज थिजत नाहीत. मिठाचा त्रास वेगळा, खारट पाणी पेशीतलं पाणी बाहेर ओढतं. त्यावर उपाय म्हणजे आत असं काहीतरी भरायचं जे पाणी धरून ठेवेल पण कामात लुडबूड करणार नाही, आणि ते म्हणजे बीटेन. बीटच्या रसात सापडलं म्हणून बीटेन, गव्हात आणि पालकातही असतं. मटणात त्याच कामाचं कार्निटिन. म्हणजे हा माल आपल्याच जेवणातून उचलतो.

खरी गंमत 1994 मधे कळली, कॅलिफोर्नियातल्या कामातून. बीटेन आत ओढायचं काम मीठ वाढल्यावर जोरात सुरू होतं तसंच नुसत्या गारठ्यानेही होतं, आणि बीटेन मिळालं की दोन्हीकडे वाढ सुधारते. एकच शिदोरी दोन्ही संकटांना. आपण मात्र मीठ आणि फ्रिज म्हणजे दोन वेगवेगळी कुलपं समजत होतो. दक्षिण आफ्रिकेत 2017-18 मधे पोलोनी नावाच्या सॉसेजमधून हजारावर लोक आजारी पडले, 200 हून जास्त दगावले, आणि तो पदार्थ म्हणजे खारवलेला, फ्रिजमधला आणि गरम न करता खायचा.

आईच्या लोणच्याला मात्र मी काही बोलत नाही, तिथे मिठाच्या जोडीला कैरीचा आंबटपणा असतो आणि एवढ्या आंबटात याला वाढता येत नाही. पनीरात ना आंबटपणा ना मीठ, नुसतं पाणी. भाजीत चांगलं उकळलं तर हा मरतो, तेवढी आई सुटते, पण कच्चेच तुकडे तोंडात टाकायची तिला सवय आहे, आणि वास घेऊन काही कळत नाही कारण लिस्टेरिया वाढला तरी पनीरला वास येईलच असं नाही.