ट्रिगर उलट ढकलायला कधी शिकला

हापसा मारलाय ना कधी? पहिले चार-पाच हिसके दांडा नुसताच खाली-वर होतो, हलका, खडखड करत, आणि मग एकदम जड लागतो, म्हणजे पाणी धरलं. तोटीकडे बघायचीही गरज नसते, हाताला आधीच कळलेलं असतं. आता खिशातला मोबाइल गुर्रर्र करतो ते घ्या, त्यातूनही काहीतरी कळतंच, पण तो तुमच्या बोटाला अडवत नाही, ढकलत नाही, नुसता थरथरतो. गेमच्या कंट्रोलरचा विषय निघाला की आपण या दोन्हीला सरसकट ‘व्हायब्रेशन’ म्हणून मोकळे होतो आणि घोळ तिथेच होतो. मी आपलं सोयीसाठी एकाला थरथर म्हणतो आणि दुसऱ्याला रेटा. सोनीच्या प्लेस्टेशन ५ (पीएस ५) कन्सोलचा कंट्रोलर म्हणजे डुअलसेन्स, त्याचे एल२-आर२ हे दोन ट्रिगर, म्हणजे तर्जनीखालची मागची बटणं, दाबताना बोटाला जे लागतं तो रेटा, आणि ही कल्पना बाजारात आलेल्या पहिल्या व्हिडिओ गेमच्याही आधीची आहे, फक्त बोटापर्यंत यायला तिला साठ-पासष्ट वर्षं लागली.

सुरुवात झाली अणुसंशोधनात. शिकागोजवळच्या आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीत रेमंड गोएर्ट्झ नावाचे इंजिनिअर होते. किरणोत्सर्गी माल हाताळायचा तर माणूस जाड भिंतीच्या अलीकडे आणि यांत्रिक हात पलीकडे, अशी सोय त्यांनी केलेली. आधी दोन्हीकडचे हात तारा-पट्ट्यांनी जोडलेले असायचे, त्यामुळे पलीकडच्या चिमट्याला काही लागलं की अलीकडे आपोआप कळायचं. पण अंतर वाढवायचं, विजेवर चालवायचं म्हटल्यावर पंचाईत झाली, कारण वायरमधून हुकूम पलीकडे जातो पण पलीकडचा धक्का परत येत नाही, आणि काचेची बाटली किती जोरात धरलीय हेच कळत नसेल तर ती फुटणारच. म्हणून १९५४ च्या आसपास त्यांनी मोटर अलीकडच्या हातालाही लावली, म्हणजे पलीकडे अडलं की ही मोटर माणसाच्या हाताला तेवढीच अडवणार. डुअलसेन्सचं मूळ तत्त्व इथेच सगळं आलं की. पुढे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात फ्रेड ब्रूक्स यांच्या टीमने आर्गॉनचाच असा एक हात कॉम्प्युटरला जोडला आणि रेणू एकमेकांना कसे ओढतात-ढकलतात ते हाताला जाणवून दिलं, म्हणजे पलीकडे खरी वस्तूच नाही, नुसता हिशेब, आणि तरी हात अडतोय.

गेममध्ये मात्र आधी आली थरथर. सेगाचं १९७६ चं ‘मोटो-क्रॉस’ हे आर्केड मशीन, म्हणजे नाणं टाकून उभ्या उभ्या खेळायचं, त्यात धडक बसली की हँडल थरथरायचं, बस एवढंच. खरा रेटा लोकांनी धडाक्यात अनुभवला तो अटारीच्या १९८९ च्या ‘हार्ड ड्रायव्हिन’मध्ये. त्याला किल्ली होती, क्लच होता, गिअरचा दांडा होता, आणि स्टिअरिंगला मोटर, त्यामुळे वळणावर चाक हाताशी भांडायचं. स्टिअरिंगला हे आधी जमलं यात नवल नाही, आर्केडचं मशीन जमिनीवर उभं असतं, वजनाची फिकीर नाही, वीज भिंतीतून येते, मोटर हवी तेवढी मोठी टाका. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने साइडवाइंडर फोर्स फीडबॅक प्रो नावाची जॉयस्टिक काढली, टेबलावर ठेवायची, विमानाच्या गेमसाठी, तिलाही वेगळं वीजकनेक्शन लागायचंच. तळहातात मावणाऱ्या, पोरांनी सोफ्यावर फेकायच्या वस्तूत हे कसं बसवणार?

आपल्याकडे त्या काळात काय चाललं होतं तर टीव्हीला लावायचा तो व्हिडिओ गेम, कॅसेटवाला, ज्याच्या कंट्रोलरला घराघरात ‘रिमोट’ म्हणायचे. (अजूनही म्हणतात, माझी आई म्हणते.) त्याबरोबर एक प्लास्टिकची गन यायची, बदकं मारायला. माझ्या आयुष्यातला पहिला ट्रिगर तोच. टक करून दाबायचा, टक करून सुटायचा, आत एक स्प्रिंग आणि एक स्विच. बदक मेलं काय, उडून गेलं काय, बोटाला टक ती टकच.

कंट्रोलरच्या खांद्यावर बटणं आली ती १९९० च्या सुपर फॅमिकॉमला, म्हणजे सुपर निन्टेन्डोला. प्लेस्टेशनने १९९४ मध्ये दोनाची चार केली. पण बटण ते बटण, चालू नाहीतर बंद. गाडीच्या गेममध्ये याचा फार त्रास व्हायचा, एक्सलरेटर अर्धा दाबायची सोयच नाही, म्हणून पोरं बटण टकटकटक करत वळण घ्यायची. हे सुटलं सेगामुळे. १९९६ ला त्यांच्या सॅटर्न कन्सोलचा थ्रीडी पॅड हा कंट्रोलर आला त्यात मागच्या ट्रिगरला खराखुरा प्रवास होता, थोडा दाबला तर थोडं, पूर्ण दाबला तर पूर्ण. १९९८ च्या त्यांच्याच ड्रीमकास्ट कन्सोलमध्ये तर ट्रिगर किती दाबलाय ते चुंबकावरून मोजायचे, हॉल इफेक्ट म्हणतात ते, घासायला काही नाही म्हणून झिजायलाही काही नाही. आज पंचवीस वर्षांनी कंपन्या हेच ‘हॉल इफेक्ट’ खोक्यावर मोठ्या अक्षरात छापून विकतायत आणि लोकांना ते नवीन वाटतंय, असो. बिचारा ड्रीमकास्ट २००१ मध्ये बंद झाला.

मला त्या काळातला सगळ्यात आवडता ट्रिगर मात्र निन्टेन्डोच्या गेमक्यूब कन्सोलचा, २००१ चा. तो मऊ दाबत जायचा आणि अगदी शेवटी बुडाला एक वेगळं बटण लागायचं, कट्ट. ‘सुपर मारिओ सनशाइन’मध्ये अर्धा दाबला तर मारिओ पळता पळता पाणी उडवतो, कट्टपर्यंत दाबला की जागेवर उभा राहून नेम धरतो. त्यात मोटर-बिटर काही नाही, साधी स्प्रिंग आणि एक बटण, पण एकाच ट्रिगरमध्ये दोन कामं आणि मधली सीमा बोटाला कळते, ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे ती परत येणार आहे.

दरम्यान थरथर जोरात होती. १९९७ मध्ये निन्टेन्डो ६४ साठी ‘स्टार फॉक्स ६४’ सोबत रंबल पॅक आला, दोन ट्रिपल-ए सेल घालायचे आणि कंट्रोलरच्या पोटात खोचायचा, पण त्याच खाचेत मेमरीचा पॅकही जायचा, म्हणजे गेम सेव्ह करायचा तर थरथर काढा आणि थरथर हवी तर मेमरी काढा. त्याच वर्षाच्या शेवटी जपानमध्ये सोनीचा डुअलशॉक आला आणि त्याने हे आत बसवून टाकलं, दोन मोटरी, एक मोठी एक छोटी, वीज केबलमधून. मोटर म्हणजे तरी काय, दांड्यावर एका बाजूला जड झालेलं वजन लावायचं, ते फिरलं की तोल जातो आणि सगळं हादरतं. ‘मेटल गिअर सॉलिड’मध्ये १९९८ ला एक व्हिलन सांगतो की कंट्रोलर जमिनीवर ठेव, मी मनाच्या शक्तीने हलवून दाखवतो, आणि तो खरंच सरकतो.

आणि मग कोर्टकचेरी. इमर्शन नावाची अमेरिकन कंपनी १९९३ पासून फक्त स्पर्शाच्या तंत्रावर काम करत होती आणि पेटंटं तिच्याकडे होती. २००२ मध्ये तिने मायक्रोसॉफ्ट आणि सोनी दोघांवर दावा ठोकला. मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये २ कोटी ६० लाख डॉलरवर विषय मिटवला. सोनी लढत बसली, २००४ मध्ये ज्युरीने ८ कोटी २० लाख डॉलरचा निकाल विरोधात दिला, पुढच्या वर्षी कोर्टात तो आकडा ९ कोटींच्या वर गेला. आणि २००६ मध्ये पीएस ३ बाजारात आला तेव्हा त्याच्या सिक्सअॅक्सिस कंट्रोलरमध्ये थरथरच नव्हती, हातात घेतला तर आत काही नसल्यासारखा हलका. कंपनीचं म्हणणं होतं की कंट्रोलर वाकवून खेळायच्या सेन्सरला थरथरीचा अडथळा होतो. सोनीचे फिल हॅरिसन तर म्हणाले की रंबल हे मागच्या पिढीचं फीचर. कोल्ह्याला द्राक्षं आंबट! मार्च २००७ मध्ये तडजोड झाली आणि वर्ष संपायच्या आत जपानमध्ये डुअलशॉक ३ आला, थरथर परत, आणि कंट्रोलर वाकवून खेळायची सोयही तशीच शाबूत.

त्याच पीएस ३ ला एल२-आर२ पहिल्यांदा बटणाऐवजी ट्रिगरसारखे झाले, पण आकार बाहेरून फुगीर आणि खाली उतरता, घामेजलेलं बोट हमखास घसरायचं. लोक त्यावर अडकवायचे प्लास्टिकचे वेगळे तुकडे विकत घ्यायचे. २०१३ च्या डुअलशॉक ४ मध्ये तो आतल्या बाजूला खोलगट केला तेव्हा कुठे बोट टिकायला लागलं. एवढी साधी गोष्ट दुरुस्त व्हायला सात वर्षं गेली, पण ट्रिगरला रेटा द्यायचा तर आधी बोट ट्रिगरवर राहायला हवं ना.

ट्रिगरमध्ये मोटर सगळ्यात आधी गाजावाजा करून घातली ती मायक्रोसॉफ्टने, नोव्हेंबर २०१३ च्या एक्सबॉक्स वन कन्सोलमध्ये. इम्पल्स ट्रिगर. मुठीत दोन मोटरी होत्याच, आणखी दोन छोट्या थेट ट्रिगरपाशी, प्रत्येकाला वेगळी. ‘फोर्झा मोटरस्पोर्ट ५’ मध्ये जास्त ब्रेक मारला की डाव्या बोटाखाली फरफर व्हायची आणि उजव्याला वेगळं काही, म्हणजे कोणत्या बोटाची चूक ते कळायचं. छान होतं, मला अजूनही आवडतं, पण ही थरथरच. बोटाच्या जवळ आणलेली थरथर. निन्टेन्डो तर दुसऱ्याच वाटेला गेला, २०१७ च्या स्विच कन्सोलमध्ये थरथर इतकी बारीक केली की डबीत किती गोळ्या घरंगळतायत ते हाताने मोजायचा खेळ निघाला, पण खांद्यावरची बटणं परत नुसती चालू-बंद.

७ एप्रिल २०२० ला सोनीने डुअलसेन्स दाखवला, नोव्हेंबरमध्ये पीएस ५ सोबत तो बाहेर आला, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला. तेव्हा कन्सोल ४९,९९० रुपयांना होता आणि सुटा कंट्रोलर ५,९९० रुपयांना.

मी माझा जुना डुअलसेन्स एका रविवारी नुसत्या कुतूहलाने खोलला. मागचं कव्हर भिंगाखाली धरलं तर खरखरीत वाटतं ते सगळं बारीक बारीक त्रिकोण, गोल, फुली, चौकोन आहेत, प्लेस्टेशनच्या बटणांचीच चिन्हं, हजारोंनी. आत ट्रिगरच्या मागे करंगळीच्या टोकाएवढी मोटर, तिच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे, त्या आट्यांत अडकलेले एका प्लास्टिकच्या चकतीचे दाते. मोटर भराभर फिरते, चकती सावकाश फिरते, वेग गेला तेवढा जोर मिळाला, सायकलला हलका गिअर टाकून चढ चढतो तसंच. इफेक्ट बंद असला की चकती मागे गप्प बसते आणि ट्रिगर नेहमीच्या स्प्रिंगवर चालतो. गेमने सांगितलं की चकतीचं टोक पुढे येऊन ट्रिगरच्या मागे टेकतं, तिथून पुढे दाबायला जड. टोक एकदम मागे घेतलं की बोट सटकन आत जातं, जसं काही तुटलं. पुढे-मागे पुढे-मागे भराभर केलं की मशीनगन. एवढंच आहे, खरंच एवढंच. ते परत बसवताना ट्रिगरची स्प्रिंग उडून कॉटखाली गेली आणि अर्धा तास टॉर्च घेऊन शोधत होतो, चूक माझीच, कव्हर उघडताना बोट धरून ठेवायचं असतं.

थरथरही बदलली आहे त्यात, फिरणारं वजन जाऊन स्पीकरच्या कॉइलसारखी रचना आली. पण थरथर आणि रेटा एकत्र कसे वाजतात ते पीएस ५ मध्ये आधीच भरून दिलेल्या ‘अॅस्ट्रोज प्लेरूम’मध्ये कळतं. माकडाच्या वेशात कडा चढताना काही दगड असे असतात की ट्रिगर जोरात दाबला तर हातातच चुरा होतो, हळू धरावं लागतं. खेळताना मला त्या आर्गॉनच्या बाटलीची आठवण झाली होती. ‘रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट’मध्ये बंदूक अर्धी दाबली तर एक नळी, अडथळा ओलांडून पूर्ण दाबली तर दोन्ही. ‘रिटर्नल’मध्ये अर्ध्यावर नेम, पूर्णला हत्याराचा दुसरा मारा. गेमक्यूबचं कट्टच आहे हे, फक्त ते कट्ट आता प्लास्टिकमध्ये कायमचं नाही, गेम ठरवेल तिथे. ‘डेथलूप’मध्ये बंदूक जॅम झाली की ट्रिगरच अडतो, आणि पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं कंट्रोलर गेला.

कटकटीही आहेतच. बोटं दुखणाऱ्याला हा रेटा नको असतो, म्हणून सेटिंगमध्ये तो कमी किंवा पूर्ण बंद करता येतो, ते फार बरं केलंय. पीसीवर खेळणाऱ्यांना रेटा हवा तर बहुतेक वेळा केबल लावावी लागते आणि गेममध्येही सोय असावी लागते. आणि ऑनलाइन शूटिंगवाल्यांना तर ट्रिगरचा प्रवासच नको असतो, २०२३ च्या डुअलसेन्स एज या कंट्रोलरला मागे कळच दिलीय, प्रवास कापून टाकायला. माझा भाचा पुण्याहून सुट्टीत येतो तेव्हा आल्या आल्या सेटिंगमध्ये जाऊन रेटा बंद करतो, ‘मामा, यात गोळी उशिरा सुटते’. रात्री जेवण झाल्यावर ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ लावतो, पहिल्या वळणावर ब्रेक मारतो, थांबतो, आणि गुपचूप परत चालू करतो.