क्वालालंपूर–सिंगापूर हवाई अंतर

मलेशियाची राजधानी क्वालालंपूर आणि सिंगापूर या शहरांच्या मध्यभागांमधले सरळ रेषेतले अंतर सुमारे ३१५ किमी. आहे, तर त्यांच्या मुख्य विमानतळांमधले अंतर सुमारे २९७ किमी. क्वालालंपूरचा विमानतळ (संकेत केयूएल) शहराच्या बराच दक्षिणेला, सेपांग येथे, म्हणजे सिंगापूरच्याच दिशेने असल्यामुळे हा फरक पडतो. १९९८ मध्ये तो सुरू होण्यापूर्वी विमाने शहराजवळच्या सुबांगहून सुटत.

विमान प्रत्यक्ष हवेत साधारण ४५ मिनिटेच असते. नेहमीची ३५ हजार फुटांची उंची गाठण्याआधीच ते उतरू लागते. वेळापत्रकात मात्र एक तास ते सव्वा तास दिलेला असतो. हा वेळ एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंतचा. धावपट्टीपर्यंत जाणे, उड्डाणासाठी रांगेत थांबणे, उतरल्यावर गेट गाठणे हे सगळे त्यातच मोजतात. दोन्ही ठिकाणचे घड्याळ एकच, भारताच्या अडीच तास पुढे. त्यामुळे तिकिटावरच्या दोन वेळांची थेट वजाबाकी करता येते. १९८२ च्या प्रारंभी द्वीपकल्पीय मलेशियाने आपली घड्याळे अर्धा तास पुढे नेली आणि सिंगापूरनेही तेच केले.

पण एवढ्या जवळच्या प्रवासात उड्डाणाचा वेळ हा लहानसाच हिस्सा. सेपांग ते क्वालालंपूर सेंट्रल स्थानक हे ५७ किमी. अंतर जलद रेल्वेनेही अर्ध्या तासाचे. चांगी विमानतळ सिंगापूरच्या मध्यभागापासून सुमारे २० किमी. दूर आहे. त्यात सामान तपासणी, पासपोर्ट तपासणी आणि आधी पोहोचण्याची अट धरली, तर घरापासून मुक्कामापर्यंत चार-साडेचार तास सहज जातात. रस्त्याने हे अंतर सुमारे ३५० किमी. आहे, बसला पाच-सहा तास लागतात. म्हणजे विमानाची बचत दिसते तेवढी नाही. अर्थात सुट्टीच्या दिवसांत मलेशियातल्या जोहोर बारू शहराजवळच्या सीमेवर वाहनांची रांग लागली, की बसचा हिशेब कोलमडतो. सीमा ओलांडायला १९२४ मध्ये रीतसर खुला झालेला सुमारे एक किमी. लांबीचा कॉजवे (सामुद्रधुनीत भराव घालून बांधलेला रस्ता) आणि १९९८ चा तुआस येथील दुसरा पूल असे दोनच रस्ते आहेत.

मार्ग जुना आहे. मलायन एअरवेजने १ मे १९४७ रोजी आपली नियमित सेवा सिंगापूरहून क्वालालंपूरमार्गेच सुरू केली. या कंपनीच्या वारसदार कंपनीचे १९७२ मध्ये विभाजन होऊन दोन्ही देशांच्या राष्ट्रीय विमान कंपन्या उभ्या राहिल्या आणि पुढे अनेक वर्षे या मार्गावर त्यांचीच सद्दी होती. भाडी त्यामुळे अंतराच्या मानाने चढीच राहिली. २००८ मध्ये स्वस्त दराच्या कंपन्यांना वाट मिळाली आणि फेऱ्या झपाट्याने वाढल्या. ओएजी या संस्थेच्या गणनेनुसार फेब्रुवारी २०१८ अखेरच्या वर्षात येथे ३०,५३७ उड्डाणे झाली, म्हणजे रोज सरासरी ८४. त्या वर्षी हा जगातला सर्वांत गजबजलेला आंतरराष्ट्रीय हवाई मार्ग ठरला.

या गर्दीला पर्याय म्हणून ३५० किमी. लांबीच्या, ९० मिनिटांत पोहोचवणाऱ्या अतिजलद रेल्वेचा करार २०१६ मध्ये झाला होता. तो २०२० च्या अखेरीस संपुष्टात आला आणि मलेशियाने सिंगापूरला १० कोटींहून अधिक सिंगापूर डॉलर भरपाई दिली.