फायरब्रिक कोण खातं?

मागच्या उन्हाळ्यात जळगावजवळच्या एका सरकीच्या तेलगिरणीत गेलो, तेव्हा बॉयलर बंद होता. भट्टीला आतून लावलेलं फायरब्रिकचं, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या विटांचं, अस्तर वर्षात दुसऱ्यांदा ढासळलं होतं. "वीट जयी गई, भाऊ," मिस्त्री म्हणाले. मालकांना नजरेचा संशय होता, म्हणून दारावर लिंबू-मिरची टांगलेली. वीट जळलीही नव्हती आणि तिला नजरही लागली नव्हती.

फायरब्रिक म्हणजे मुख्यतः ॲल्युमिना आणि सिलिका, म्हणजे ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांची ऑक्साइडं. या दोघांचं शुद्ध मिश्रण सुमारे १५९५ अंश सेल्सिअसला वितळू लागतं. या बॉयलरची भट्टी तापते हजाराच्या आसपास. मग विटेवर काचेसारखे चकचकीत ओघळ आले कुठून?

जळणातून. इथे पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, ब्रिकेट (भुगा दाबून केलेल्या कांड्या) जाळतात आणि पऱ्हाटीच्या राखेत पोटॅश, म्हणजे पोटॅशियमची संयुगं, भरपूर असतं. कुल्फीवाला बर्फात मीठ टाकतो तेव्हा बर्फ शून्याच्या खालीही वितळतो. भट्टीतही तेच घडतं. सिलिकेत एकेका सिलिकॉनला चार ऑक्सिजन जोडलेले असतात आणि प्रत्येक ऑक्सिजन हा दोन सिलिकॉनमधला पूल असतो. पोटॅश हे पूल तोडतं. जाळं सैल पडतं आणि ॲल्युमिना, सिलिका, पोटॅश या तिघांचा रस सुमारे ९८५ अंशांनाच सुटू लागतो.

पण खरा घात वितळण्याआधीच होतो, आणि मला तोच भाग विलक्षण वाटतो. पोटॅशियमची संयुगं वाफ होऊन विटेच्या छिद्रांतून आत शिरतात, मागच्या थंड भागात थिजतात. तिथे विटेतल्या म्युलाइटशी (ॲल्युमिना-सिलिकेच्या खनिजाशी) संयोग होऊन ल्युसाइटसारखी पोटॅशियमयुक्त खनिजं तयार होतात. त्यांना जागा जास्त लागते. वीट आतून फुगते, तडकते, भाकरीच्या पापुद्र्यासारखा थर सुटून पडतो. खालचा कोरा भाग उघडा पडला की पुन्हा तेच. बॉयलर घाईने थंड केला तर तडे आणखी वाढतात.

म्हणून 'अमुक अंश सहन करणारी वीट' एवढ्या जाहिरातीवर भुलून महाग माल घेऊ नये. विचारायचं ते छिद्रांचं प्रमाण. पोटॅशसमोर घट्ट किंवा सिलिकॉन कार्बाइड मिसळलेलं अस्तर जास्त टिकतं. आणि पोटॅश पाण्यात विरघळतं. पऱ्हाटीचा भुगा पाण्याने धुऊन, वाळवून मग ब्रिकेट केल्या तर त्यातलं बरंच पोटॅश आधीच निघून जातं. ते पाणी शेतात सोडलं तर पिकाला खतच.