सीटखालचं इंजिन

मे महिन्याच्या दुपारी वाईहून पाचगणीला निघालात, तर पसरणी घाटात एखादी तरी व्हॅन कडेला उभी दिसते. सरकता दरवाजा सताड उघडा, आतली मंडळी कठड्यावर बसून खाली धोम धरणाचं पाणी बघतायत, आणि ड्रायव्हर पुढची सीट उचलून तिच्याखाली डोकावतोय. कारवाला बॉनेट उघडतो, व्हॅनवाला सीट. माणसं बसतात त्याच्या बरोबर खाली कुणी शेगडी का ठेवावी, हा प्रश्न मला लहानपणापासून पडलेला आहे. त्याचं उत्तर शोधत गेलं की या गाडीचे सगळे गुण आणि जवळजवळ सगळी दुखणी एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

मारुती व्हॅन आली 1984 साली. ‘ओम्नी’ हे नाव तिला 1988 मध्ये मिळालं, पण आपल्याकडे कितीतरी लोक शेवटपर्यंत तिला मारुती व्हॅनच म्हणत राहिले. तिची थोरली बहीण मारुती 800. दोघींना तेच 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. लांबीही सारखीच म्हणायची: 800 साधारण 3.34 मीटर, व्हॅन 3.37 मीटर, म्हणजे जेमतेम दोन बोटांचा फरक. तरी एकीत चार माणसं नीट बसायची आणि दुसरीत आठ. आजी, दोन काकू, सहा पोरं आणि जेवणाचे डबे घेऊन शिखर शिंगणापूरला जायची सोय झाली ती या दुसरीमुळे. हा चमत्कार केला एका वजाबाकीने: नाक काढून टाकलं. बॉनेटची लांबी माणसांना दिली आणि बॉनेटखालचं इंजिन पुढच्या सीटखाली सरकवलं.

ही वजाबाकी जपानमधली. तिथे छोट्या गाड्यांना करात आणि इतर बाबतींत सवलत मिळते, पण त्यासाठी मापं पाळावी लागतात. 1976 पासून ती मापं होती 3.2 मीटर लांबी, 1.4 मीटर रुंदी आणि 550 सीसीचं इंजिन. या चौकटीत जास्तीत जास्त सामान बसवायचं, तर गाडी खोक्यासारखीच करावी लागते. सुझुकीची कॅरी नावाची गाडी 1961 पासून हेच करत आली होती, आणि आपली व्हॅन तिच्या 1979 च्या पिढीवरून घेतलेली. मूळ विचार होता शहरातल्या गल्लीबोळांत माल पोचवणाऱ्या गाडीचा. आपण त्या मालाच्या जागी कुटुंब बसवलं. वाईच्या पेठेतल्या बोळात भिंतीला खेटून गाडी लावायची आणि दरवाजा सरकवून उतरायचं, हे सुख आपल्याला त्या जपानी गल्ल्यांनी दिलं. पण मालाला बूड भाजत नाही, माणसाला भाजतं.

आता घाट चढू. व्हॅनचं रिकामं वजन सुमारे 785 किलो. आठ माणसं आणि पिशव्या धरून ते 1300 किलोंवर जातं. वाई ते पाचगणी चढ सुमारे पावणेसहाशे मीटरचा. एवढं वजन एवढं उचलायला साधारण 73 लाख ज्यूल ऊर्जा लागते. शिवाय बारा-तेरा किलोमीटर चाकं फिरवायची, ती वेगळी. पण इंजिन काही फुकट उचलत नाही. छोट्या पेट्रोल इंजिनात, तेही खालच्या गिअरमध्ये, जळालेल्या पेट्रोलच्या पाचव्या हिश्श्याएवढंच काम चाकांपर्यंत पोचतं असं धरू. म्हणजे या घाटात साधारण दीड लिटर पेट्रोल जळतं आणि त्यातल्या चार हिश्श्यांची निव्वळ उष्णता होते. न्हाणीघरातल्या बंबाच्या भाषेत सांगायचं, तर सहा बादल्या गार पाणी उकळी येईपर्यंत तापेल एवढी. अर्ध्या तासात ही उष्णता कुठेतरी गेली पाहिजे. बरीचशी सायलेन्सरमधून बाहेर पडते, पण मोठा वाटा रेडिएटरच्या पाण्याला उचलावा लागतो, आणि उरलेली इंजिनच्या अंगावरून आजूबाजूला झिरपते. इथे आजूबाजूला म्हणजे सीटखाली.

सपाट रस्त्यावर समोरून येणारी हवा बरंच काम करते. घाटात गाडी 25 च्या वेगाने रखडते, पुढे उसाची ट्रॉली असली तर दहानेच, आणि मागून वारा असला तर तोही वाया. नाक असलेल्या गाडीत हवा जाळीतून थेट इंजिनवर येते आणि खालून निघून जाते. सपाट तोंडाच्या गाडीत तिची वाट अरुंद असते. आत गेलेली गरम हवा कोंडून राहते.

त्यात उंचीची भर. पाण्याचा उत्कलनबिंदू 100 अंश असतो तो समुद्रकाठी. पाचगणीच्या उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून उघड्या भांड्यातलं पाणी तिथे 96 अंशांच्या आसपासच उकळतं. पाचगणीत डाळ शिजायला वेळ लागतो त्याचं कारण हेच. रेडिएटर मात्र उघडं भांडं नाही, तो प्रेशर कुकर आहे. त्याच्या टोपीतली स्प्रिंग आणि रबर मिळून आतला दाब वाढवून धरतात, त्यामुळे पाणी 115 अंशांच्या पुढेही न उकळता टिकतं. ते रबर कडक होऊन चिरलं की कुकरची शिट्टी काढून ठेवल्यासारखं होतं. साताऱ्यात दिवसभर नीट फिरणारी गाडी नेमकी घाटमाथ्याजवळ वाफ सोडते, तेव्हा अनेकदा दोष एवढाच असतो. त्याहून वाईट म्हणजे रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरण्याची सवय. त्यातले क्षार नळ्यांच्या आतून थर धरतात, आणि तो थर उष्णता अडवतो. गाडी पुन्हापुन्हा तापली की इंजिनचं ॲल्युमिनियमचं झाकण, म्हणजे हेड, वाकतं, त्याखालची सांधा बंद ठेवणारी चकती, म्हणजे गॅस्केट, जाते, पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल ताकासारखं होतं. तिथून पुढचा खर्च कुटुंबाचा महिना मोडणारा असतो. म्हणून ही टोपी दर उन्हाळ्याआधी बघून घ्या, असं मी अगदी मनापासून सांगतो. आणि तापलेल्या गाडीची टोपी लगेच उघडू नका. दाब सुटताच आतलं पाणी एकदम उसळतं, आणि या गाडीत तुमचं तोंड त्याच्या फार जवळ असतं.

जुन्या कार्ब्युरेटरच्या (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाच्या) व्हॅनचं आणखी एक दुखणं होतं, ते फार फसवं. घाट चढून वर आलात, गाडी बंद करून चहा घेतला, पंधरा मिनिटांनी चावी फिरवली आणि गाडी चालूच होईना. चढताना काही त्रास नव्हता, मग उभी राहून काय बिघडलं? बिघडलं ते उभं राहिल्यामुळेच. इंजिन बंद झालं की पाणी फिरायचं थांबतं, हवाही थांबते, पण लोखंडात साठलेली उष्णता बाहेर येतच राहते. सीटखालच्या बंद कप्प्यातलं तापमान गाडी बंद केल्यावर काही काळ चढतं. पेट्रोलमधले हलके घटक 35-40 अंशांनाच उकळू लागतात. जुन्या गाडीचा पेट्रोलपंप इंजिनच्याच अंगावर बसवलेला असे आणि टाकीतून पेट्रोल ओढून घेई. ओढताना नळीतला दाब कमी होतो, म्हणजे उकळणं आणखी सोपं. नळीत वाफेचा बुडबुडा धरला की पंप वाफच मागेपुढे करत बसतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. जुने मिस्त्री पंपावर ओलं फडकं गुंडाळायचे, त्यात अंधश्रद्धा काही नव्हती. पाणी उडून जाताना पंपाची उष्णता घेऊन जातं आणि वाफेचं परत पेट्रोल होतं. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, तेच कारण. पुढे इंजेक्शनची इंजिनं आली, पंप टाकीत गेला आणि पेट्रोल ओढण्याऐवजी मोठ्या दाबाने ढकललं जाऊ लागलं. दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही. ते दुखणं तिथे जवळजवळ संपलं.

मग इंजिन पुढेच ठेवलं असतं तर? हा प्रयोग त्याच काळात अमेरिकेत झाला. क्रायस्लर कंपनीने नोव्हेंबर 1983 मध्ये कॅनडातल्या विंडसरच्या कारखान्यात डॉज कॅरव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर या गाड्या बनवायला सुरुवात केली. क्रायस्लरचे प्रमुख ली आयकोका आणि त्यांचे सहकारी हाल स्पर्लिक या दोघांनी ही कल्पना आधी फोर्डमध्ये मांडली होती, ती तिथे नाकारली गेली. त्यांनी इंजिन नाकात आडवं बसवलं आणि ताकद पुढच्या चाकांना दिली. मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा दांडा गेला, मजला सपाट आणि खाली आला, माणसांच्या पायाखालची उष्णता संपली. लांबी मात्र सुमारे साडेचार मीटर. रुंद रस्त्यांच्या देशात ते परवडतं.

पण कुटुंबाचं वजन तिथेही होतंच, आणि ते कुणाला तरी ओढायचं होतं. 1989 च्या गाड्यांत क्रायस्लरने नवा चार गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला. गिअर कधी आणि किती हळुवार बदलायचा हे त्यात कॉम्प्युटर ठरवत होता. कल्पना काळाच्या पुढची होती, पण लोकांच्या लक्षात राहिले ते तिचे बिघाड. यातलं एक कारण मला फार शिकवणारं वाटतं: तेल. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल नुसतं वंगण नसतं. आतल्या क्लचच्या तबकड्या त्याच तेलात बुडून एकमेकींना पकडतात, त्यामुळे त्या किती घसराव्यात आणि किती चिकटाव्यात हे तेलातली रसायनं ठरवतात. या गिअरबॉक्सला कंपनीचं खास तेल लागत असे. त्या काळी सर्रास मिळणारं दुसरं तेल ओतलं की तबकड्या थरथरत पकडायच्या, घासून तापायच्या, आणि तापलेलं तेल आणखी लवकर खराब व्हायचं. दोष जाणवला की कॉम्प्युटर गाडी दुसऱ्या गिअरमध्येच अडकवून ठेवायचा, निदान घरी पोचता यावं म्हणून.

होंडाच्या ओडिसी व्हॅनलाही हा फेरा चुकला नाही. एप्रिल 2004 मध्ये कंपनीने ओडिसी आणि इतर काही मॉडेलं मिळून सुमारे 11 लाख गाड्या परत बोलावल्या. गिअरबॉक्समधला दुसरा गिअर पुरेसं तेल न मिळाल्याने तापत होता आणि त्याचे दाते तुटू शकत होते. अनेक गाड्यांवर उपाय केला तो त्या गिअरवर तेलाची जादा धार सोडण्याचा. उष्णता सीटखालून निघाली आणि गिअरबॉक्समध्ये जाऊन बसली, असंच म्हणावं लागेल. आपल्या व्हॅनचा साधा चार गिअरचा बॉक्स मात्र त्या मानाने सुखी होता. घाटात अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवली तर प्लेट जळायची, पण ती पुन्हा बसवता यायची.

सीटखालच्या इंजिनची सगळ्यात मोठी किंमत मात्र वाफेत मोजता येत नाही. नाक काढलं म्हणजे माणूस आणि समोरचा ट्रक यांच्यामधलं अंतर काढलं. ताशी 50 किलोमीटर वेगाने धडकलेली गाडी पुढचा 60 सेंटिमीटर भाग चुरगळत थांबली, तर आतल्या 60 किलोच्या माणसावर सरासरी जवळपास एक टनाचा जोर येतो. तीच 20 सेंटिमीटरमध्ये थांबली तर तीन टनांचा. ओम्नीत पुढची चाकं पुढच्या सीटखाली होती, म्हणजे ड्रायव्हरचे पाय चाकांच्याही पुढे. त्या पायांसमोर पत्रा, बंपर आणि रस्ता. शाळेच्या व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर दोन-दोन पोरं बसवलेली मी पाहिली आहेत, आणि ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो. ऑक्टोबर 2019 पासून आधीपासून विकल्या जाणाऱ्या गाड्यांनाही समोरच्या धडकेची चाचणी सक्तीची झाली. ओम्नी त्यात बसणारी नव्हती. त्याच वर्षी, 35 वर्षांनी, तिचं उत्पादन थांबलं.

तिच्या मागे 2010 पासून ईको होतीच. तिच्याकडे पाहिलं तर अभियंत्यांनी काय केलं ते टेपने मोजता येतं. ओम्नीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत 1.84 मीटर अंतर होतं, ईकोत ते 2.35 मीटर आहे. अर्धा मीटर वाढला, पण गाडीची एकूण लांबी वाढली फक्त 30 सेंटिमीटर. म्हणजे पुढची चाकं सीटखालून काढून पायांच्या पुढे नेली, आणि त्यांच्यावर छोटंसं नाक बसवलं. चाकांतलं अंतर वाढल्यामुळे ब्रेक दाबताना गाडी पुढे झुकणंही कमी झालं. सगळं बदललं, एक सोडून. आज साताऱ्याहून वडाप, म्हणजे सीटवर पैसे घेऊन प्रवासी, भरून निघालेल्या ईकोत पुढे बसा आणि घाट लागल्यावर सीटच्या कडेला खाली हात न्या. इंजिन अजून तिथेच आहे.