‘इन बॉण्ड’चा भाव आणि ‘ड्युटी पेड’चा भाव: वाइन ऑनलाइन बघताना

बहीण-दाजींच्या लग्नाला डिसेंबरात २५ वर्षं होणार होती. भाची लंडनला शिकते, सुट्टीला घरी येणारच होती, म्हणून तिला फ्रान्सच्या बोर्दो भागातली २०१६ ची एक लाल वाइन आणायला सांगितलं. इकडं संभाजीनगरात बसून मी फोनवर भाव काढले. वाइन तीच, साल (म्हणजे द्राक्षं काढली ते वर्ष) तेच, बाटलीही ७५० मिलीचीच. एका व्यापाऱ्याकडं ४० पौंड, दुसऱ्याकडं ५२. मी लगेच कळवलं, चाळीसवाल्याकडून घे. थोड्या वेळानं तिनं त्याच पानाचा फोटो पाठवला. भावाखाली बारीक अक्षरांत ‘इन बॉण्ड’ लिहिलेलं होतं. “मामा, ही अशी सुटी मिळत नाही. सहाची पेटीच घ्यावी लागते, आणि कर वेगळा भरायचा.”

गाडी घेतलेल्या माणसाला हा फरक समजायला वेळ लागत नाही. जालना रोडच्या शोरूममध्ये फलकावर एक्स-शोरूम किंमत असते. आरटीओ, विमा धरून हातात येते ती ऑन-रोड. ‘इन बॉण्ड’ म्हणजे वाइनची एक्स-शोरूम किंमत. माल कस्टम्सच्या देखरेखीखालच्या गोदामात पडून आहे आणि त्यावरचा कर अजून कुणी भरलेला नाही. ‘ड्युटी पेड’ म्हणजे कर भरून बाहेर आलेली, घरी नेण्याजोगी बाटली. गाडीच्या बाबतीत दोन्ही आकडे शेजारीशेजारी सांगितले जातात. वाइनच्या भावांची तुलना करणाऱ्या साइटवर मात्र एका ओळीत हा भाव असतो आणि खालच्याच ओळीत तो.

आता हिशेब. ब्रिटनमध्ये बाटलीमागं साधारण ३ पौंड मद्यशुल्क लागतं; मद्याचं प्रमाण जास्त तसं शुल्कही जास्त. व्हॅट २० टक्के, आणि तो वाइनची किंमत व शुल्क मिळून जी बेरीज होते तिच्यावर. म्हणजे ४० अधिक ३ झाले ४३, त्यावर २० टक्के धरले की ५१ पौंड ६० पेन्स. बारा पौंडांचा फरक चाळीस पेन्सवर आला! त्यात पेटी सहाची, म्हणजे ३०९ पौंड ६० पेन्स मोजायचे, शिवाय गोदामातून घरपोच आणण्याचा खर्च वेगळा. आम्हाला दोनच बाटल्या हव्या होत्या.

मग ‘इन बॉण्ड’ घेतं कोण? ज्याला आज प्यायची नाही तो. आपल्याकडं लातूर भागात सोयाबीन वखारीत ठेवून पावती घेतात, भाडं भरतात आणि भाव आला की विकतात. त्याच जातीचा हा व्यवहार. वाइन गोदामातच राहते, मालक कागदावर बदलतो, पेटीमागं वर्षाचं भाडं द्यावं लागतं. ती तिथूनच पुढं विकली तर ब्रिटनचं शुल्क आणि व्हॅट भरावा लागत नाही. एकदा कर भरून बाहेर आली की ती सहसा परत बॉण्डात जात नाही.

माझ्या मते यातली मोलाची गोष्ट कराच्या पलीकडची आहे. वाइन मुरवायला १२-१३ अंशांचं स्थिर तापमान लागतं. चांगल्या गोदामात पडून राहिलेल्या पेटीचा इतिहास सांगता येतो, म्हणून जुन्या वाइनसाठी जाणकार ‘इन बॉण्ड’लाच पसंती देतात. दहा वर्षांत चार घरं फिरून आलेली ‘ड्युटी पेड’ बाटली कुठं ठेवली होती ते विचारल्याशिवाय घेऊ नये. परभणीचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला उन्हाचं वेगळं सांगायला नको. तापलेल्या बाटलीतली वाइन फुगते, बूच किंचित वर सरकतं आणि वरच्या वेष्टणाखाली चिकट ओघळ दिसतो. तशी बाटली निम्म्या भावातही महाग.

बाकी साल आणि मापही जुळवून घ्या. बोर्दोचं २०१६ उत्तम गेलं, २०१३ कमजोर. नाव एकच असलं तरी भाव एक नसतो. ३७५ मिलीची अर्धी बाटली स्वस्त दिसणारच. अमेरिकेतल्या दुकानांच्या आकड्यात बहुधा विक्रीकर धरलेला नसतो.

आणि परदेशातला कुठलाही आकडा इथल्या एमआरपीशेजारी मांडून ‘दुकानदार लुटतो’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. भारतात वाइनवरचं आयात शुल्क दीर्घकाळ १५० टक्के राहिलं आहे, तेही वाहतूक आणि विमा धरून. चाळीसची बाटली तिथंच शंभरावर जाते. राज्याचा कर, आयातदार आणि दुकानदार यांचा वाटा त्यानंतर. आपल्या एमआरपीत हे सगळं धरलेलं असतं.

भाचीनं बावन्नवाल्याकडं आधी विचारून घेतलं: बाटली आधी कुठं होती, भाव ड्युटी पेडच ना, वर काही लागणार का? उत्तरं नीट आली, मग दोन घेतल्या. विमानानं येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला सगळं मद्य मिळून २ लिटरपर्यंत शुल्काविना आणता येतं. दोन बाटल्यांचं दीड लिटर होतं, तिसरी घेतली असती तर सव्वादोन झालं असतं. स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेत आल्या. एक त्या रात्री उघडली. दुसरी दाजींनी थंडी आहे तोवरच संपवायची ठरवलीय, उन्हाळ्यात ठेवायला त्यांच्याकडं जागा नाही.